‘एक ईमेल केला की तू भारतात परत’ या धमकीत खरं किती?

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडला आलो. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे; मी आणि चार वर्षांची मुलगी त्याच्या डिपेंडंट, म्हणजे आमचा व्हिसा त्याच्या व्हिसावर अवलंबून. मी एका गोदामात अर्धवेळ काम करते, पण पगार त्याच्या खात्यात जातो. आम्हा दोघींचे पासपोर्ट त्याच्याकडे कुलपात असतात. इकडे आल्यापासून तो हात उचलायला लागला. मागच्या महिन्यात गळा धरला. शेजारी कुणी ओळखीचं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणते, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, मुलीकडे बघून दिवस काढ. नवरा म्हणतो, “होम ऑफिसला (म्हणजे इथल्या गृहखात्याला) एक ईमेल केला की तू भारतात परत, आणि मुलगी इथेच राहील.” आता गेले काही दिवस तो एकदम गोड वागतोय. दिवाळीसाठी आम्हा दोघींची तिकिटं काढली आहेत, स्वतः नंतर येणार म्हणतो. जावं का? पोलिसांकडे गेले तर मला डिपोर्ट करतील का? घर सोडलं तर जायचं कुठे? माझा ईमेल तो बघतो, म्हणून लायब्ररीतून लिहितेय. उत्तर इथेच द्या.

उत्तर : तुझ्या प्रश्नांकडे येतेच, पण ज्याबद्दल तू काही विचारलंच नाहीस तिथून सुरुवात करते. “मागच्या महिन्यात गळा धरला” एवढं लिहून तू पुढे सरकलीस. मी तिथेच थांबले. घरातल्या हिंसेचं काम करणारी माणसं, मग ती कोणत्याही देशातली असोत, गळा दाबणं ही जिवाच्या धोक्याची अगदी ठळक खूण मानतात. थप्पड आणि गळ्यावरचा हात यांना एका मापाने मोजता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ७ जून २०२२ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा, आणि मानेवर वळ उमटलेला नसला तरी तो गुन्हाच ठरतो. त्यानंतर गिळताना दुखतंय, आवाज बसलाय, चक्कर येते, काही आठवत नाही, असं काहीही झालं असेल तर डॉक्टरांना दाखव. महिना उलटला असला तरी दाखव, आणि कशामुळे झालं तेही सांग. जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, नोंदीत ते लिहिलं गेलं की पुढे न्यायालयात आणि वकिलाकडे त्या नोंदीचा आधार मिळतो. दुभाषी लागला तर तो दवाखान्याने द्यायचा असतो. दुभाषी म्हणून नवऱ्याला आत येऊ देऊ नकोस.

पुन्हा असं काही घडलं तर विचार करत बसू नकोस, ९९९ हा तिथला तातडीच्या मदतीचा नंबर लाव. बोलणं शक्य नसेल तर मोबाइलवरून लावून खोक किंवा फोनवर टकटक कर आणि सांगतील तेव्हा ५५ दाब. कॉल पोलिसांकडे जोडला जातो. मात्र ५५ दाबल्याने तुझा पत्ता त्यांना आपोआप कळत नाही, म्हणून जमेल तसा, तुटक का होईना, पत्ता सांग. मुलगी चार वर्षांची आहे. तिलाही घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव पाठ करून घे, गाणं शिकवावं तसं. का ते तिला सांगायची गरज नाही.

आता ती धमकी. तिच्यात एक गोष्ट खरी आहे आणि बाकीचं तुला घाबरवण्यासाठी जोडलेलं आहे. खरी गोष्ट अशी की तुझी राहायची परवानगी त्याच्या व्हिसावर उभी आहे. संबंध संपल्याचं होम ऑफिसला कळलं तर ते ती परवानगी आखडती घेऊ शकतात. पण तो निर्णय होम ऑफिसचा असतो, त्याचा नाही. त्याच्या ईमेलने दुसऱ्या दिवशी कुणी तुला विमानात बसवत नाही. परवानगी कमी केली तर साधारणपणे ६० दिवस देतात, आणि त्या काळात दुसरा अर्ज करता येतो. मुलीचं म्हणशील, तर ती कुणाकडे राहील हे कुणाचा व्हिसा कुणावर अवलंबून आहे यावरून ठरत नाही. ते फॅमिली कोर्ट ठरवतं, १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टखाली, मुलीचं हित बघून. शिवाय २०२१ च्या डोमेस्टिक ॲब्यूज ॲक्टने असं म्हटलं आहे की आईवरची हिंसा जे मूल बघतं, ऐकतं, तेही स्वतः पीडित आहे. तुझी मुलगी भिंतीपलीकडून जे ऐकते त्याची दखल तो कायदा घेतो.

आणखी एक गोष्ट नीट वाच. पासपोर्ट कुलपात ठेवणं, पगार काढून घेणं, व्हिसाची भीती घालून माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवणं, ही ‘हिंसेच्या जोडीला असलेली कटकट’ नाही. ब्रिटनच्या कायद्यात पैशांवरचा ताबा हा छळाचाच एक प्रकार आहे. जोडीदारावर सतत असा कब्जा ठेवणं हा २०१५ पासून गुन्हा आहे. ज्या दिवशी तो हात उचलत नाही, त्या दिवशीही हा छळ चालूच असतो. गेले काही दिवस तो गोड वागतोय असं तू लिहिलंस. पासपोर्ट परत दिले का त्याने? पगार तुझ्या खात्यात येऊ लागला का?

म्हणूनच मला त्या तिकिटांची सगळ्यात जास्त काळजी वाटते. बायकोला आणि मुलाला आधी पुढे पाठवायचं, ‘मी मागून येतो’ म्हणायचं, भारतात पोचल्यावर सासरच्या कुणीतरी पासपोर्ट ‘सांभाळायला’ घ्यायचे, आणि इंग्लंडमधून नवऱ्याने होम ऑफिसला कळवून टाकायचं की संबंध संपले. दक्षिण आशियातल्या बायकांच्या बाबतीत हे इतक्यांदा घडलंय की वकील आणि संस्था त्याला बायकोला परदेशी नेऊन टाकून देण्याचा वेगळा प्रकार मानतात. एकदा तू भारतात अडकलीस की घटस्फोटाचा दावा इंग्लंडमध्ये चालेल आणि तुला तिथे जायला व्हिसा नसेल. ज्यांचे नवरे ब्रिटिश नागरिक आहेत किंवा ब्रिटनमध्ये कायमचे स्थायिक आहेत, त्यांना अशा वेळी भारतातून अर्ज करून परत येण्याची वाट ३१ जानेवारी २०२४ पासून नियमांत आहे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकांसाठी ती नाही. म्हणजे तुझ्यासाठी इंग्लंडमधून बाहेर पडणं सोपं आणि परत येणं अवघड.

त्याचा हेतू हाच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तुझा आणि मुलीचा पासपोर्ट तुझ्या हातात, परतीचं तिकीट तुझ्या नावावर आणि वकिलाशी एकदा बोलणं, या तीन गोष्टी झाल्याशिवाय त्या विमानात बसू नकोस. ‘मी येणार नाही’ असं त्याच्या तोंडावर सांगू नकोस. कामावर सुट्टी मिळाली नाही, मुलीला ताप आहे, असं काहीही कारण चालेल. खोटं बोलावं लागतंय म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. आणि विमानतळापर्यंत जावंच लागलं, तर चेक-इनच्या किंवा सुरक्षा तपासणीच्या माणसाला सांग की मला मनाविरुद्ध नेलं जातंय, मला पोलिसांशी बोलायचंय. मोठ्या विमानतळांवर पोलीस असतात.

याची दुसरी बाजूही तुला माहीत हवी. तू स्वतः मुलीला घेऊन गुपचूप भारतात निघून जायचा विचार करत असशील, तर आधी वकिलाला विचार. वडिलांच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय १६ वर्षांखालच्या मुलाला देशाबाहेर नेणं हा तिथे १९८४ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि मग छळ सोसलेली तू, कागदावर आरोपी तू. उलट तोही तिला उचलून भारतात नेऊ शकतो. मुलं परत मिळवण्यासाठी जो १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत नाही, त्यामुळे तिथून मूल परत आणणं फार जिकिरीचं होतं. ही भीती असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांग. मुलीला देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा हुकूम कोर्ट देऊ शकतं, अगदी तातडीनेही.

पोलिसांकडे गेलीस तर डिपोर्ट करतील का? तुझा व्हिसा चालू आहे. तक्रार केल्याने चालू व्हिसा बेकायदा होत नाही. पण अर्धवट धीर देऊन तुला पाठवणार नाही. पोलीस काही वेळा पीडित बाईची माहिती होम ऑफिसला देतात आणि ते पूर्णपणे थांबवणारा कायदा नाही. याविरुद्ध लिबर्टी आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थांनी २०१८ मध्ये रीतसर तक्रार केली होती. २०२० च्या अखेरीस त्यावरच्या चौकशी अहवालाने अशी देवाणघेवाण बायकांना पोलिसांपासून दूर ठेवते असं मान्य केलं. हे वाचणाऱ्या एखादीचा व्हिसा संपलेला असेल, तर जिवावर बेतलेलं नसताना तिने आधी संस्थेशी किंवा वकिलाशी बोलावं आणि मग पोलिसांकडे जावं. जिवावर बेतलं असेल तर व्हिसा चालू असो वा नसो, ९९९.

जायचं कुठे, हा खरा अवघड प्रश्न आहे. तिथे पीडित बायकांसाठी निवारागृहं आहेत, त्यांना रेफ्यूज म्हणतात. पत्ता गुप्त असतो, मुलांना घेऊन राहता येतं. अडचण अशी की ही घरं बरीचशी सरकारच्या घरभाडे-मदतीवर चालतात, आणि तुझ्यासारख्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ अशी अट असते, म्हणजे तुला सरकारी भत्ते मिळत नाहीत. त्यामुळे पहिल्याच फोनला “तुमच्यासाठी निधी नाही” असं ऐकावं लागू शकतं. पुष्कळ बायका तिथून मागे फिरतात. तू फिरू नकोस, कारण ते शेवटचं उत्तर नसतं.

नॅशनल डोमेस्टिक ॲब्यूज हेल्पलाइनचा नंबर ०८०८ २००० २४७. रात्रंदिवस चालते, फोन फुकट आहे, दुभाषी मिळतो. हे वाचणारी कुणी स्कॉटलंडमध्ये असेल तर तिच्यासाठी ०८०० ०२७ १२३४. त्यांना अगदी सुरुवातीलाच सांग की मी डिपेंडंट व्हिसावर आहे आणि मला पब्लिक फंड नाही, म्हणजे ते त्या हिशेबाने जागा शोधतील. पश्चिम लंडनमधली साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून नेमकं हेच काम करते आहे. आपल्यासारख्या, आशियातून आलेल्या, व्हिसाच्या धाकाखाली जगणाऱ्या बायकांसाठी. निधी नसलेल्या बायकांच्या राहण्याखाण्याचा खर्च उचलण्यासाठी त्यांच्याकडे व्यवस्था आहे. हिंदी बोलणाऱ्या बायका तिथे भेटतील. तू लंडनच्या बाहेर असलीस तरी फोन कर.

दुसरं दार काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेचं. तू व्हिसावर आहेस म्हणून काउन्सिल तुला नाही म्हणेल, पण तुझ्या मुलीला सहज नाही म्हणता येत नाही. चिल्ड्रन ॲक्टच्या १७ व्या कलमाखाली गरजू मुलाच्या हितासाठी स्थानिक काउन्सिल आईसकट राहायची आणि पोटापाण्याची सोय करू शकतं, आणि त्यात पब्लिक फंडची अट आडवी येत नाही. सोशल सर्व्हिसेस, म्हणजे काउन्सिलचा समाजकल्याण विभाग, म्हटलं की आपल्या बायका हबकतात, कारण नवऱ्यांनी आधीच भरवून ठेवलेलं असतं की ते लोक मूल काढून घेतात. मुलाला हिंसेतून बाहेर काढणारी आई ही त्यांच्या दृष्टीने मुलाला जपणारी आई असते. तरी तिथे एकटी जाऊ नकोस. संस्थेची कार्यकर्ती बरोबर असली की ‘मुलीला ठेवू, तुमचं तुम्ही बघा’ अशी भाषा कुणी करत नाही, आणि केलीच तर ती तिथल्या तिथे उत्तर देते.

आता व्हिसाची ती गोष्ट जिच्यात अनेकजणी फसतात. घरगुती हिंसेमुळे संबंध तुटलेल्या स्थलांतरित बायकांसाठी ब्रिटनमध्ये एक सवलत आहे. २०१२ पासून ती मुख्यतः नागरिकांच्या आणि स्थायिकांच्या जोडीदारांना होती. बायकांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या, आणि १६ फेब्रुवारी २०२४ पासून ती नोकरदारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या जोडीदारांनाही लागू झाली, म्हणजे तुलाही. ती मिळाली की तीन महिने राहायची परवानगी आणि त्या काळात सरकारी भत्ते मिळतात. रेफ्यूजचं दार उघडतं ते यामुळे.

पण नवरा ब्रिटिश किंवा स्थायिक असलेल्या बाईला त्या तीन महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो; हातात पैसे नसतील तर त्याची फीसुद्धा माफ होते. तिच्यासाठी ही सवलत म्हणजे पहिली पायरी आहे. तुझ्यासाठी तशी पुढची पायरी नियमांत ठेवलेलीच नाही. आणि सवलत घेतली की तुझ्या आत्ताच्या परवानगीच्या जागी ती तीन महिन्यांची परवानगी येते. म्हणजे हातात दीड-दोन वर्षं शिल्लक असतील तर ती सोडून तू तीन महिने घेतेस. काही जणींसाठी तेही योग्य असतं, कारण आज रात्री डोक्यावर छप्पर नसेल तर पुढच्या वर्षीचा व्हिसा काय कामाचा? पण तो निर्णय डोळे उघडे ठेवून, वकिलाशी बोलून घ्यायचा. कुणीतरी भल्या मनाने घाईघाईत फॉर्म भरून दिला म्हणून घ्यायचा नाही.

मला विचारशील तर मी हा क्रम धरेन. आधी जीव, मग सल्ला, आणि व्हिसाचा अर्ज सगळ्यात शेवटी, वकिलाच्या हातून. तुझ्यापुढे कोणत्या वाटा असू शकतात हे तीच व्यक्ती सांगेल. तुझ्या शिक्षणावर स्वतःचा नोकरीचा व्हिसा मिळू शकतो का, शिकायला प्रवेश घेता येईल का, मुलीच्या आणि तुझ्या तिथल्या आयुष्याच्या आधारावर मानवी हक्कांचा अर्ज टिकेल का. तुझं शिक्षण काय ते तू लिहिलं नाहीस; वकिलाला मात्र पहिल्या पाच मिनिटांत सांग.

वकील म्हणजे सॉलिसिटर, किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ॲथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागार. नवऱ्याच्या ओळखीतला, मंडळातला, ‘मी करून देतो वहिनी’ म्हणणारा माणूस नको. तो मनाने कितीही चांगला असला तरी नको, कारण तू कुठे आहेस हे त्याच्या तोंडून चार दिवसांत घरी पोचेल. राइट्स ऑफ विमेन ही संस्था बायकांना कायद्याचा सल्ला फोनवर मोफत देते, इमिग्रेशनचाही. कौटुंबिक प्रकरणात हिंसेचा पुरावा आणि हातात पैसा नसणं दाखवता आलं तर लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकील, मिळू शकतो. जीपीची नोंद लागते ती इथे.

घर तूच सोडायला हवं असंही नाही. १९९६ च्या फॅमिली लॉ ॲक्टखाली ‘नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर’ मागता येते: त्याने तुला मारायचं, धमकवायचं, त्रास द्यायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम. अर्जाला कोर्टाची फी नाही, व्हिसा कोणता हे कुणी विचारत नाही, आणि हुकूम मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काही वेळा त्यालाच घराबाहेर राहायला सांगणारा हुकूमही मिळतो. पण त्याने गळा धरलेला असताना एकाच छपराखाली राहून हुकुमाची वाट बघणं मला पटत नाही. आधी सुरक्षित जागा, मग कोर्ट.

तयारीबद्दल थोडं. सगळं एकाच दिवशी करू नकोस, आणि वागण्यात फरक दिसू देऊ नकोस. बाई निघायच्या बेतात आहे हे कळतं, तेव्हाचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात.

लायब्ररीतून एक नवीन ईमेल खातं काढ, ज्याचा पासवर्ड तुझ्या फोनमध्ये कधीच टाकायचा नाही. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पगाराच्या पावत्या, नॅशनल इन्शुरन्स नंबर, भाड्याचा करार, जे सहज हाती लागेल त्याचे फोटो तिथे पाठव. जखमांचे फोटो, त्याचे धमकीचे मेसेज, तारीख घालून लिहिलेल्या नोंदी, तेही तिथेच. फोनमधून मात्र ते पाठवल्याची खूण पुसून टाक. अख्खा ब्राउझर इतिहास एकदम कोरा करू नकोस, त्यानेच संशय येतो. फक्त हे पान आणि असली पानं काढ. तुझ्या फोनवर तुमचं लोकेशन एकमेकांना दिसत असेल तर आत्ता बंद करू नकोस. हेल्पलाइनला फोन कामावरच्या एखाद्या मैत्रिणीच्या मोबाइलवरून लाव. ते जमत नसेल तर काही औषधांच्या दुकानांत काउंटरवर “आस्क फॉर ॲनी” हे मदत मागायचे परवलीचे शब्द म्हटले की ते बाजूच्या खोलीत नेतात आणि तिथून पोलिसांना किंवा हेल्पलाइनला फोन लावून देतात. औषध आणायला म्हणून बाहेर पडता येतं, हा त्याचा फायदा.

पासपोर्टसाठी कुलूप तोडू नकोस. घर सोडल्यावर सामान आणायला पोलिसांना सोबत मागता येतं. तरीही मिळाले नाहीत तर पोलिसांत नोंद करून भारतीय हायकमिशनकडे नवीन पासपोर्टचा अर्ज करता येतो. फक्त तिथे ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देऊ केलं तर लक्षात ठेव, तो कागद भारतात जाण्यापुरताच असतो, एकेरी. तुला परत जायचं ठरलं असेल तरच तो घे. आणि तुझा व्हिसा आता कार्डावर नाही, ऑनलाइन आहे. त्या खात्याला त्याचा ईमेल, त्याचा फोन जोडलेला असेल, तर तो बदलला की त्याला मेसेज जाण्याची शक्यता असते. म्हणून ते काम घराबाहेर पडल्यावर, संस्थेतल्या कुणाच्या मदतीने कर. पगाराचं खातं बदलणंही तसंच: नवीन खातं आधी उघडून ठेव, ऑफिसला कळव शेवटच्या आठवड्यात. दागिने अंगावर असतील तेवढे पुरेत. बाकीच्यांचे फोटो काढ. माहेरचं सोनं हे भारतीय कायद्याने तुझं स्त्रीधन आहे, ते मागायला पुढे वेळ आहे.

आईच्या त्या वाक्याने तुला मार बसल्यासारखं झालं असणार. ती तुझी वैरी नाही. तिला लोकांची भीती आहे आणि एवढ्या लांबून आपण काही करू शकत नाही याचीही. म्हणून तिच्याकडे परवानगी मागू नकोस, काम दे. “माझ्या पासपोर्टच्या जुन्या झेरॉक्स शोध, लग्नाचे फोटो आणि सोन्याच्या पावत्या एका पिशवीत ठेव, आणि मी कुठे आहे हे त्यांच्याकडच्या कुणालाही सांगू नकोस, त्यांनी रडून विचारलं तरी.” करायला काही मिळालं की माणसं बऱ्याचदा आपल्या बाजूला सरकतात. आणि आई नाहीच सरकली, तर भाऊ, वहिनी, मावशी, कॉलेजची मैत्रीण, एक जण पुरे. गळा धरल्याचं त्या एका व्यक्तीला स्पष्ट शब्दांत सांग. ‘थोडा त्रास आहे’ असं सांगितलं की ऐकणारा थोडंच ऐकतो.

सगळा विचार करून तुला भारतातच परत यायचं असेल, तर त्यात हार नाही, पण तेही रीतीने कर. मुलीसाठी कोर्टाची परवानगी किंवा त्याची लेखी संमती, सगळ्या कागदांच्या प्रती आणि तिथल्या पोलिसांत किंवा जीपीकडे झालेली नोंद बरोबर घेऊन ये. इथे आल्यावर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तू जिथे राहतेस तिथल्याच कोर्टात अर्ज करता येतो, सासरच्या गावी जावं लागत नाही. राष्ट्रीय महिला आयोगाकडे परदेशातल्या नवऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे, तिथेही लिही.

राहिला पहिला फोन. तोच जड जातो, कारण तो लागल्यावर नेमकं काय बोलायचं ते सुचत नाही. नाव सांगायची सक्ती नसते, रडू आलं तरी ते थांबतात. एवढं पाठ करून ठेव: “आय ॲम नॉट सेफ ॲट होम. माय हजबंड स्ट्रँगल्ड मी. आय हॅव अ फोर इयर ओल्ड डॉटर. माय व्हिसा इज थ्रू हिम, नो पब्लिक फंड्स. आय नीड अ मराठी ऑर हिंदी इंटरप्रिटर.” पुढचे प्रश्न त्या विचारतील. तुझ्यासाठी फोन करायची सोयीची वेळ कोणती आणि कोणत्या नंबरवर करायचा नाही, हे मात्र फोन ठेवण्याआधी तू सांग.